अहो नावाचं बदक

काढ काढ, कोट काढ, संकोच करू नकोस — घरात गरम आहे हे मला माहितीये, मीच केलंय — टोपीही काढ, हातमोजे त्या टोपलीत टाक, आणि तो पिंजरा राहू दे तिथंच दाराशी, कोणी पळवत नाही. बस. इथंच बस, स्वयंपाकघरात. बाहेर सोफ्यावर लेगो पसरलेत, बसलं की टोचतात. चहा टाकलाय. आल्याचा चालतो ना? चालतोच. तुला मराठी समजतं पण बोलता येत नाही म्हणालीस — अगं, मग तर उत्तमच! या घरात सगळ्यांना बोलता येतं आणि समजत कोणालाच नाही. तू आपली इंग्लिशमध्ये बोल, नाहीतर मान हलव, नाहीतर नुसता चहा पी. इशिता ना तू? आणि आई सांगलीची. छान. मला शुभाकाकू म्हण — मॅम नको, मॅम म्हटलं की मला अजून अकरावी ब समोर बसलेली दिसते. बत्तीस वर्षं बॉटनी शिकवलंय मी, नागपुरात, ज्युनिअर कॉलेजात. म्हणजे मी मूळची पुण्याची. नागपूर मला लग्नात मिळालं.

तर विषय असा आहे की बदक नाहीये. होतं. रेणूने — रेणू म्हणजे माझी सून — तुमच्या त्या पक्षी वाचवणाऱ्या संस्थेला सोमवारी फोन केला तेव्हा होतं, तळ्यात होतं, ती काही खोटं बोलली नाही. पण आज गुरुवार. मधे गेलं. कुठे म्हणजे — उडून. असं काय बघतेस माझ्याकडे? बदकं उडतात. बाकीची सगळी गेलीच ना, ती हिरव्या डोक्याची — थंडी वाढली तशी एक दिवस उठून गेली, निरोप नाही काही नाही. मग हेही गेलं असेल, साउथ कॅरोलायनाला वगैरे… काय? या जातीचं उडत नाही? पांढरं, पाळीव, अंगाने जड — बरं. बरं बाई. मग चालत गेलं असेल. घाई कुठे होती त्याला. …आवाज? कसला आवाज? अच्छा तो — तो डिशवॉशर आहे. हो, खालूनच येतो, पाइप खाली आहेत ना बेसमेंटमध्ये. हो, क्वॅक करतो. जुना झालाय. साखर किती घालू?

इकडे ये ओट्याशी, खिडकीतून बघ — ते आमचं तळं. तळं म्हणजे काय, सोसायटीने पावसाचं पाणी साठवायला खणलेला खड्डा, त्याला तळं म्हटलं की घरं लवकर विकली जातात. आणि त्याच्या पलीकडे ती बिनखिडक्यांची इमारत दिसते ना, लांबच लांब, ते डेटा सेंटर. दिवसभर गुणगुणत असतं. केदार म्हणतो — माझा मुलगा — आतल्या मशिनी इतक्या तापतात, इतक्या तापतात, की त्यांना गार करायला वेगळ्या मशिनी लागतात. मी म्हटलं, अरे मग ती ऊब एक नळी टाकून इकडे तळ्यात सोडा की! तर म्हणतो, आई, असं नसतं. या देशात मी जे जे सुचवते ते सगळं 'असं नसतं'. बरं, त्या तळ्यात मधोमध कारंजं आहे. ते नोव्हेंबरात बंद करतात, पाइप फुटू नयेत म्हणून. पाणी हलतं तोवर गोठत नाही. हलायचं थांबलं की काठाकडून गोठत येतं, रोज हातभर आत, रोज हातभर आत, आणि शेवटी मधे उरतं एक भोक. आणि त्या भोकात एकटं बसलेलं हे येडं बदक. बाहेर आलं तर कोल्हा. हो, आहेत ना कोल्हे, आमच्या कचऱ्याच्या डब्यापाशी येतात, अगदी आरामात, हातात हात घालून फिरायला निघाल्यासारखे. भोक बुजलं की संपलं. एवढंच गणित आहे ते. म्हणून भोक उघडं ठेवायचं.

कसं ठेवायचं? मला विचार. खलबत्त्यातला बत्ता घेतला — पितळी, नागपूरहून आणलेला, त्या बत्त्यामुळे एअरपोर्टवर केदार मला ओळख दाखवत नव्हता — त्याला परकराची नाडी बांधली, आणि काठावर उभं राहून तो बर्फावर भिरकावायचा आणि नाडीने ओढून घ्यायचा. रोज सकाळी आठला. धाड, धाड, धाड. समोरचे राजीव कुत्रा फिरवायला निघतात, ते थांबून विचारतात, 'आंटी, फिशिंग?' मी म्हटलं हो. आता कुठे समजावत बसू. मग मागच्या आठवड्यात नाडी तुटली. बत्ता तळाशी. उन्हाळ्यात कोणाला तरी सापडेल आणि वर्तमानपत्रात फोटो येईल. मग गरम पाणी ओतून बघितलं, एक कुकरभर. मस्त वितळलं. दहा मिनिटांत परत गोठलं, आधीपेक्षा गुळगुळीत, आणि त्यावर हे बिचारं घसरलं. मग म्हटलं मीठ टाकावं, रस्त्यावर टाकतात तसं — तर रुहीने हात धरला माझा. माझी नात, आठ वर्षांची. म्हणते, 'आजी, डक्स आर नॉट पिकल्स.' ते मात्र पटलं मला.

खायला? अगं, त्याचं तर महाभारत झालं. मी आपली सुरुवातीला शिळी पोळी कुस्करून घालायची. तर सोसायटीची पाटी लागली, ब्रेड घालू नका. मी केदारला म्हटलं, लिही त्यांना, पोळी म्हणजे ब्रेड नव्हे. त्याने लिहिलं, बिचाऱ्याने, त्याला प्रमोशनच्या मीटिंगला जायचं होतं त्या दिवशी. उत्तर आलं — कुठलाही बेकरी पदार्थ नको. पोळी! बेकरी पदार्थ! माझ्या सासूने ऐकलं असतं तर तिने अमेरिकेशी संबंध तोडले असते. पण मग मी वाचलं जरा, बॉटनीची असले तरी वाचता येतं मला. तेव्हापासून मटार — फ्रोझन, कोमट पाण्यात टाकून — आणि मक्याचा भरडा, आणि पालक बारीक चिरून. थंडीत मका बरा, अंगात ऊब राहते. बरोबर ना? बघ, मान हलवलीस. तू पण शिकलीच आहेस, मी पण शिकले. फक्त तुला सर्टिफिकेट दिलं आणि मला नोटीस.

नाव? फॉर्मवर नाव लागतं बदकाचं? काय तरी तुमचं. बरं, काय लिहिलंय रेणूने — ए, एच, ओ. हो. बरोबर आहे. अहो. हसू नकोस. तुझी आई तुझ्या बाबांना काय म्हणते? नावाने? आणि ते ओ देतात? आमच्यात नव्हतं तसं. नवऱ्याला नावाने हाक मारायची नाही. हाक मारायची तर 'अहो', आणि दुसऱ्याला सांगायचं तर 'हे' नाहीतर 'ते'. हे घरी नाहीत, ते बाहेर गेलेत — बस, कळायचं सगळ्यांना. एक्केचाळीस वर्षं मी एका माणसाबरोबर संसार केला, नाव न घेता. पोस्टमनला सुद्धा 'ह्यांचं पत्र आहे का' विचारायची. आणि आता या कॉलनीतली सगळी पोरं तळ्याच्या काठावर उभी राहून ओरडतात — 'आहो! आहो! कम हिअर, आहो!' वीर म्हणून एक आहे, आन्या म्हणून एक आहे, एक तर चिनी आहे, त्याचा उच्चार सगळ्यांत चांगला. मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, एवढ्या बायका कुठून आल्या यांना?

माझ्यामुळेच झालं ते. काय झालं — नाही, तू चहा पी, गार होईल — ते बदक आलं एप्रिलमध्ये. कोणीतरी ईस्टरला पोरांना पिल्लू आणून दिलं असणार, पिवळं, गोड, आणि मोठं होऊन घाण करायला लागल्यावर आणून सोडलं तळ्यात. सप्टेंबरात पितृपक्ष आला. आमच्यात तिथीच्या दिवशी पान वाढून बाहेर ठेवतात, कावळ्यासाठी. त्याने चोच लावली की आपलं माणूस जेवलं. कावळे आहेत इथे, नाहीत असं नाही, चांगले धष्टपुष्ट आहेत, पण त्यांना हे काही माहीत नाही, कोणी सांगितलेलंच नाही त्यांना. मी तळ्याकाठच्या त्या बाकाजवळ पान ठेवलं — भात, वरण, अळूवडी, उडदाचे वडे, खीर. कावळे झाडावर बसून बघतायत. एकाने दुसऱ्याकडे बघितलं आणि दोघंही गेले. आणि मागून हे आलं डुलत डुलत. पोट आधी, माणूस मागून. आणि बाकी कशाला न शिवता सरळ वड्याकडे. एक वडा, दुसरा वडा, मग खीर. खिरीत चोच घालून असा आवाज करत खाल्ली — आणि माझ्या तोंडून गेलं. सवय गं. एक्केचाळीस वर्षांची सवय. मी म्हटलं, 'अहो, जरा हळू.' ती पोरं होती मागे स्कूटर घेऊन. त्यांनी ऐकलं. झालं बारसं.

हे बघ, मी वेडी नाही. एम.एस्सी. आहे मी. मेलेला माणूस बदक होत नाही एवढं मला कळतं. आणि झालाच, तर हा माणूस बदक तर नक्कीच होणार नाही, नागपूरच्या अंबाझरी तलावात एकदा होडीत बसलो तर त्यांनी दोन्ही हातांनी होडीवाल्याला धरलं होतं. पण ते मागे मागे यायला लागले ना माझ्या. कुरकुरत. सतत कुरकुरत. मी बाकावर बसले की शेजारी येऊन उभे राहायचे आणि सुरू — पाणी असं, हवा तशी… काय? 'ते' म्हणजे कोण? ते म्हणजे बदक. नाही, होडीतले ते म्हणजे ते. अगं, मराठीच अशी आहे, मी काय करू! ते बदक, आणि आमचे ते, दोघांनाही 'ते'च. तुमच्या मराठी शाळेत शिकवलं नाही वाटतं? बदक 'आलं' म्हणायचं आणि माणूस 'आले' म्हणायचं. मी आधी बदक आलं म्हणाले, मग आले म्हणाले? चुकून. व्याकरणाची चूक. उगाच त्यात काही शोधू नकोस.

काय सांगत होते मी? थंडी. उद्या सकाळी पाच डिग्री आहे म्हणे, फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हिशोबाने उणे पंधरा. म्हणून तर तू आलीस घाईने, मला कळतंय. चांगल्या मुली आहात तुम्ही. तुमचं ते फार्म का काय, तिथे गोठा आहे, पेंढा आहे, वारा लागत नाही, बाकीची बदकं आहेत — सांगितलं रेणूने सगळं. पण मी सांगते तुला, मंगळवारी सकाळीच भोक बुजलं. मी इथून बघितलं, खिडकीतून, आठ वाजता. सगळे कामावर गेलेले, रुही शाळेत. पाणी नाहीच. नुसतं पांढरं, आणि त्यात पांढरं बदक, हलत नाही. पोटाची पिसं चिकटलेली बर्फाला. हाक मारली तर मान फक्त वळवली. आता मी कोणाला बोलावू? तुमच्या नंबरवर फोन केला तर कोणी उचलेना. राजीवना बोलवावं तर त्यांना वाटणार फिशिंग. मग मी इस्त्रीचा बोर्ड नेला. हो, कपड्यांच्या इस्त्रीचा, घडी घालून. वाचलं होतं कुठेतरी — बर्फावर उभं राहायचं नाही, आडवं व्हायचं, वजन पसरायचं. वजनाची माझ्याकडे काही कमतरता नाही. तर बोर्ड बर्फावर, बोर्डावर मी पोटावर, साडीवर केदारचं जुनं जॅकेट, हातात कालथा, आणि सरकत सरकत, सरकत सरकत. खाली बर्फ वाजत होता, टक् टक्. घाबरले का? हो घाबरले, अडुसष्ट वर्षांची आहे मी. पण तिथं पोचल्यावर कालथ्याने हळूहळू सगळीकडून सोडवलं, आणि त्यांना उचललं, आणि पदरात घेतलं, आणि ते असे थरथरत होते गं, आतून, मी म्हटलं चला, झालं, आता घरी चला —

…

बरं. आहेत. खाली आहेत. बेसमेंटच्या बाथरूममध्ये, टबात. डिशवॉशर आमचा अगदी नवा आहे, आवाजसुद्धा करत नाही. दारावर मी 'आउट ऑफ ऑर्डर' लिहून चिकटवलंय, म्हणून दोन दिवस कोणी गेलं नाही तिकडे. केदारने प्लंबरला फोन लावला होता, मी म्हटलं राहू दे, आपोआप मोकळं होतं ते. रेणूला काही माहीत नाही. ती एवढंच विचारत होती काल, आई, घरात इतकं गरम का होतंय? मी म्हटलं मला नाही वाटत. हीटर ऐंशीवर आहे. ती बघ भिंतीवर त्याची डबी, दिसतंय ना? आठ आणि शून्य. तुला घाम आलाय. पदर — आपलं, नॅपकिन घे.

दे म्हणतेस? मला माहितीये तू का बसली आहेस. पण मी तुला एक सांगू का, आणि मग तू ठरव. सांगते, कारण तू मराठीत बोलत नाहीस, म्हणजे तू हे कोणाला सांगितलंस तरी ते इंग्लिशमध्ये सांगशील, आणि इंग्लिशमध्ये ते वेगळंच काहीतरी होईल. आम्ही दोघं खाली राहायचो, बेसमेंटच्या खोलीत. चांगली खोली आहे, खिडकी आहे, टीव्ही आहे. पण गार पडते. ते नागपूरचे. शेहेचाळीस डिग्रीत बनियनवर बसून 'गरम होते बाप्पा' म्हणत आख्खा जन्म काढला, आणि इथे आल्यावर 'थंडी वाजते'. सकाळी थंडी वाजते, दुपारी थंडी वाजते. जिन्याखाली उभे राहायचे, कमरेवर हात ठेवून, आणि वर ओरडायचे, 'अगं, थंडी वाजते!' मी म्हणायची, 'स्वेटर घाला. नाटकं करू नका.' मग ते धापा टाकत वर यायचे, त्या भिंतीवरच्या डबीवर बोट दाबायचे, चौऱ्याहत्तर करायचे, आणि खाली जायचे. आणि ते खाली गेले की मी उठायची आणि अडुसष्ट करायची. रोज. का? सुनेचं घर म्हणून. तिला काय वाटेल म्हणून. ती ऑफिसमधून येऊन म्हणेल, यांनी घराची भट्टी केली. तिने एकदा, आम्ही आलो त्या पहिल्या आठवड्यात, एकदाच, म्हटलं होतं, 'आज गरम होतंय ना?' तेवढ्या एका वाक्यावर मी दोन हिवाळे तिचं घर गार ठेवलं.

शेवटी शेवटी जास्त म्हणायला लागले. दोन दिवस सारखं. पांघरुणात बसून, थंडी वाजते, थंडी वाजते. मी तेच म्हटलं. नाटकं करू नका. तिसऱ्या दिवशी ॲम्ब्युलन्स. डॉक्टर म्हणाले हार्ट, आधीपासूनच वीक होतं, घरातल्या गारव्याशी काही संबंध नाही. चांगले होते डॉक्टर, मला दोनदा समजावून सांगितलं. मला समजलं. पटलं नाही. दहाव्याला इथेच बाकापाशी पिंड ठेवले, गुरुजी नागपूरहून व्हिडिओवर. कावळा शिवेना. तासभर. गुरुजी म्हणतात, काही इच्छा राहिली असेल त्यांची, शब्द द्या त्यांना. केदार म्हणतोय बाबा, आईला सांभाळेन, रेणू म्हणतेय बाबा, रुहीला मराठी शिकवेन, कावळा ढिम्म. मला माहीत होतं काय राहिलंय ते. पण मला सुनेसमोर म्हणवेना. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला लावला आणि तो शिववला. म्हणजे फसवलंच की त्यांना. आणि संध्याकाळी रेणू माझ्याशेजारी बसली, रडून डोळे लाल झालेले, आणि म्हणते, 'आई, मला एक कळत नाही. मी रोज सकाळी बाबांसाठी चौऱ्याहत्तर लावून ऑफिसला जायचे, आणि घरी आले की अडुसष्ट. मला वाटायचं मशीन बिघडलंय. मी दोनदा माणूस बोलावला.'

मी नाही सांगितलं तिला. अजून नाही सांगितलं. दोन वर्षं होतील आता फेब्रुवारीत. मला रोज वाईट वाटतं त्याचं, रोज म्हणजे रोज, दात घासताना सुद्धा. तूच पहिली. आता तू म्हणशील, काकू, म्हणून बदक टबात ठेवायचं? हो. म्हणून ठेवलंय. उणे पंधरा आहे उद्या. गोठा काय, पेंढा काय — थंडी वाजणार ना त्यांना. इथे ऐंशी आहे. इथे कोणी कमी करणार नाही, मी पहारा देते त्या डबीवर.

फक्त एक. रागावलेत माझ्यावर. खात नाहीत कालपासून. मटार तसेच तरंगतायत. नुसते बसून असतात चोच उघडी ठेवून, आ करून, आणि पंख असे अंगापासून लांब धरतात दोन्ही बाजूंनी — अगदी तसेच, जिन्याखाली उभे राहायचे तसे. काहीतरी म्हणायचंय त्यांना. काल तासभर बसले मी टबाच्या काठावर, म्हटलं, बोला एकदाचं, काय बोलायचं ते बोला, मी ऐकते. बोलत नाहीत. नुसती धाप. म्हणून मी अजून दोनने वाढवलं… काय? हळू बोल गं, तुझं इंग्लिश फार पळतं. चोच उघडी आणि पंख बाजूला म्हणजे काय?

काय म्हणालीस?

गरम होतंय?

त्यांना गरम होतंय. थंडी नाही. थंडी त्यांना चालते, पिसांचं पांघरूण आहे अंगावर, कोरडं ठेवलं आणि वारा लागला नाही की चालते… आणि मी दोन दिवस… हात तुझी. बघ, म्हणजे बघ. एकाला गारठवलं आणि एकाला उकडतेय. दोघंही बापडे तोंड उघडून सांगतायत, आणि मी आपली माझंच चालवतेय. बत्तीस वर्षं मुलांना सांगितलं, आधी निरीक्षण करा, मग लिहा. हसते कसली आहे मी, हसत नाहीये. जरा तो नॅपकिन दे इकडे.

बरं. काय करायचं आता? आधी तापमान खाली आणायचं. हो. लगेच. थांब, मी करते. ही डबी, हा खालचा बाण. कमी करायचा तर हा दाबायचा, माहितीये मला, अंधारात सुद्धा सापडतो. एवढासाच तर आहे.

…

नाही गं. तू कर. माझ्या हाताने नाही होणार ते. तू दाब. अडुसष्ट? कर अडुसष्ट. मी तिकडे बघत नाही, मी भांडी आवरते. झालं? झालं. रेणू आली की सांगेन तिला. मशीन बिघडलेलं नव्हतं म्हणून. आज सांगेन. तू इथे नसताना सांगेन.

ऊठ आता. पिंजरा घे. जिन्याने खाली, उजवीकडचं दार, ते कागद चिकटवलेलं. मी नाही येत. मला तो जिना चढताना धाप लागते, आणि मी आले की ते येणार नाहीत तुझ्याबरोबर, माझ्या मागे लागतील. टॉवेल आहे हुकाला, निळा, त्यात गुंडाळ, तो त्यांचाच आहे. आणि गाडीत हीटर लावू नकोस फार. आणि तिकडे फार्मवर सांग सगळ्यांना, नाव अहो आहे, आहो नाही. पहिला अ ऱ्हस्व. कुरकुरतील ते, सतत कुरकुरतील, त्याला काही इलाज नाही. पण कुरकुरले की उगाच स्वेटर घाला, नाटकं करू नका, असलं काही म्हणायचं नाही. आधी विचारायचं — काय होतंय? इंग्लिशमध्ये विचारलंस तरी चालेल. विचारायचं मात्र. कप राहू दे, मी विसळते. जा. आणि खालच्याच दाराने बाहेर जा, वर येऊ नकोस.